वित्तप्रधान भांडवलशाही व तिची समीक्षा

वस्तूंच्या उत्पादनातून होणाऱ्या नफ्यापेक्षा व्याज, लाभांश, कर्जव्यवहारांवरील शुल्क व रोख्यांच्या वाढत्या किंमती यांतून होणाऱ्या प्राप्तीला ज्या भांडवलशाही व्यवस्थेत उत्तरोत्तर अधिक महत्त्व येते, तिला ‘वित्तप्रधान भांडवलशाही’ म्हणतात. १९७० नंतर अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ग्रेट ब्रिटन या देशांत तिचे स्वरूप प्रथम स्पष्ट झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचा प्रभाव बहुतेक देशांत जाणवू लागला. तिची समीक्षा करणाऱ्यांत मार्क्सवादी, केन्सप्रणीत विचारांचे आणि संस्थावादी असे निरनिराळ्या परंपरांतील अभ्यासक आहेत. कारणमीमांसेबाबत त्यांच्यात तीव्र मतभेद असले, तरी एका मुद्द्यावर त्यांतील अनेकांची मते जुळतात. सामान्य कुटुंबाचे राहणीमान टिकविण्याचे जे कार्य दुसऱ्या महायुद्धानंतर वाढते वेतन व शासनाच्या कल्याणयोजना करीत होत्या, ते पुढे मोठ्या प्रमाणात कर्जाकडे सोपविण्यात आले, हा तो मुद्दा होय. या बदलाचा इतिहास व त्याचे सामाजिक परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. [→ भांडवलशाही].

पूर्वेतिहास : बँका व उद्योग यांच्या संबंधांचे पद्धतशीर विवेचन ऑस्ट्रियन समाजवादी अर्थशास्त्रज्ञ रूडोल्फ हिल्फरडिंग (१८७७–१९४१) यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वित्तीय भांडवल या अर्थाच्या शीर्षकाच्या जर्मन ग्रंथात केले. मोठ्या बँकांचे भांडवल व उद्योगांचे भांडवल एकरूप होत असून अर्थव्यवस्थेची सूत्रे थोड्या हातांत एकवटत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्यानंतरच्या महामंदीत बेकारीने उग्र रूप धारण केले. त्यामुळे वित्तव्यवहारांना कायद्याचे बंधन घालण्याचा विचार सर्वमान्य झाला. अमेरिकेत १९३३ च्या ग्लास–स्टीगल कायद्याने सर्वसाधारण ठेवी स्वीकारणाऱ्या बँका व रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या संस्था एकमेकींपासून अलग केल्या. जॉन मेनार्ड केन्स (१८८३–१९४६) यांनी १९३६ मधील आपल्या प्रमुख ग्रंथात रोजगाराची पातळी एकूण मागणीवर अवलंबून असते, असे दाखवून दिले. सट्टेबाजीचा वरचष्मा झाल्यास उत्पादक गुंतवणूक तिच्या आधीन होते, हा धोकाही त्यांनी निदर्शनास आणला. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्थेतही देशोदेशींच्या भांडवलाच्या हालचालींवर नियंत्रणे ठेवण्यास वाव होता.

त्याच वर्षी कार्ल पोलान्यी (१८८६–१९६४) यांचा महापरिवर्तनाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भूमी, श्रम व पैसा या तीन गोष्टी विक्रीसाठी निर्माण झालेल्या नसतात. त्यांना अन्य विक्रेय वस्तूंप्रमाणे पूर्णतः बाजाराच्या स्वाधीन केल्यास समाजाचे अस्तित्वच धोक्यात येते आणि म्हणून समाज स्वसंरक्षणासाठी प्रतिकार करतो, हा त्यांचा सिद्धांत होय. हा प्रतिकार लोकशाही मार्गाने होईलच असे नाही. तो हुकूमशाहीचेही रूप घेऊ शकतो, हे त्यांनी दोन महायुद्धांमधील यूरोपच्या इतिहासावरून दाखविले. पुढील काळातील समीक्षेवर या विचाराचा खोल ठसा उमटलेला आहे.

वेतनाकडून कर्जाकडे : महायुद्धानंतरच्या सु. पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य औद्योगिक देशांत उत्पादकतेबरोबर वेतनही वाढत गेले. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास सु. एकतृतीयांश कामगार संघटित होते व सामुदायिक वाटाघाटींतून वेतनाचे करार होत असत. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलरच्या मोबदल्यात सोने देण्याचे बंद केले आणि ब्रेटन वुड्स व्यवस्था डळमळीत झाली. १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किंमती भडकल्या; चलनवाढ व बेकारी एकाच वेळी वाढू लागली. १९७९ मध्ये पॉल व्होल्कर हे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले. त्यांनी चलनवाढ रोखण्यासाठी अल्प मुदतीचे व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले. चलनवाढ आटोक्यात आली. परंतु अनेक कारखाने बंद पडले. ऑगस्ट १९८१ मध्ये रॉनल्ड रेगन यांच्या शासनाने संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून दूर केले. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप अयशस्वी ठरला. अमेरिकेतील संघटित कामगारांचे प्रमाण १९८३ मध्ये सु. २० टक्के होते. ते २०२३ मध्ये सु. १० टक्क्यांवर आले. उत्पादनकार्यातील व पर्यवेक्षकीय दर्जाखालील कामगारांच्या ताशी वास्तव वेतनाने १९७३ च्या सुमारास उच्चांक गाठला होता, त्यानंतरची सु. दोन दशके ते एकंदरीत घसरत राहिले.

वेतन खुंटले, तरी त्या प्रमाणात खप घटला नाही. कुटुंबातील स्त्रिया अधिकाधिक संख्येने नोकरी करू लागल्या, हे त्याचे एक कारण. कर्जाचा विस्तार हे दुसरे. या विस्तारास कायद्यातील बदलांनी वाट करून दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मधील एका निर्णयानुसार राष्ट्रीय बँकेला आपले कार्यालय ज्या राज्यात असेल तेथील व्याजदर अन्य राज्यांतील ऋणकोंनाही लावण्याची मुभा दिली. त्यामुळे राज्याराज्यांतील व्याजाच्या कमाल मर्यादा व्यवहारात निष्प्रभ ठरल्या. १९८१ मध्ये एका मोठ्या बँकेने आपला क्रेडिट कार्डांचा व्यवसाय न्यूयॉर्कमधून साउथ डकोटा राज्यात हलविला, तो याच कारणासाठी. ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. लक्षावधी कुटुंबे घरमालक झाली. त्याचबरोबर गृहकर्ज हा त्यांच्या जीवनाचा स्थायी भाग बनला. अमेरिकेतील कुटुंबांचे एकूण कर्ज १९८० च्या सुमारास त्यांच्या वार्षिक खर्चयोग्य उत्पन्नाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास होते. २००७ मध्ये ते त्या उत्पन्नाच्या सव्वापटीहून अधिक झाले.

कर्जाचे स्वरूपही बदलले. पूर्वी गृहकर्ज देणारी बँक ते फिटेपर्यंत स्वतःकडे ठेवी. साहजिकच ऋणकोची ऐपत तपासण्यात तिचे हित असे. १९७० मध्ये एका शासकीय संस्थेच्या हमीने गृहकर्जांच्या समूहावर आधारलेले रोखे अमेरिकेत प्रथम विक्रीस आले. पुढे खाजगी संस्थांनी या पद्धतीचा मोठा विस्तार केला. हजारो कर्जे एकत्र करून त्यांवर रोखे काढावयाचे, जोखमीच्या श्रेणींनुसार त्यांचे विभाग पाडावयाचे आणि ते जगभरच्या गुंतवणूकदारांना विकावयाचे, अशी ही पद्धत होती. कर्ज देणारा आपले शुल्क घेऊन मोकळा होई व जोखीम दुसऱ्याकडे जाई. १९९९ च्या कायद्याने ग्लास–स्टीगल कायद्यातील विभक्ततेच्या प्रमुख तरतुदी रद्द झाल्या, तर २००० च्या कायद्याने बाजाराबाहेर होणारे बहुतेक साधित रोख्यांचे व्यवहार नियंत्रणाबाहेर ठेवले.

समीक्षेचे प्रमुख प्रवाह : मार्क्सवादी परंपरेत पॉल बॅरन (१९०९–६४) व पॉल स्वीझी (१९१०–२००४) यांनी मक्तेदारी भांडवलावरील १९६६ च्या ग्रंथात प्रगत भांडवलशाहीची स्वाभाविक प्रवृत्ती कुंठिततेकडे असते, असे मत मांडले. मोठ्या कंपन्यांकडे साठणाऱ्या वाढाव्याला पुरेशी उत्पादक गुंतवणूक सापडत नाही, हे त्यामागील कारण. स्वीझी व हॅरी मॅगडॉफ (१९१३–२००६) यांनी १९८७ मध्ये या विचाराचा विस्तार केला आणि कर्ज व सट्टा यांचा स्फोट हे कुंठिततेवरचे तात्पुरते औषध आहे, असे प्रतिपादिले. रॉबर्ट ब्रेनर यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे कारखानदारीत निर्माण झालेल्या अतिरिक्त उत्पादनक्षमतेस मूळ कारण मानले. जोव्हान्नी अरीगी (१९३७–२००९) यांनी १९९४ मधील ग्रंथात जेनोआ, हॉलंड, ब्रिटन व अमेरिका यांच्या वर्चस्वाची तुलना केली. प्रत्येक वर्चस्वाच्या उत्तरकाळात भांडवल व्यापार व उत्पादन यांतून वित्ताकडे वळते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

केन्सच्या विचारातून स्फूर्ती घेणाऱ्यांत हायमन मिन्स्की (१९१९–९६) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते अस्थिरता ही बाहेरून येणारी आपत्ती नसून दीर्घकालीन स्थैर्यातूनच ती जन्मास येते. सुस्थितीच्या काळात मुद्दल व व्याज दोन्ही उत्पन्नातून फेडू शकणाऱ्यांची जागा केवळ व्याज भरू शकणारे ऋणको घेतात. त्यानंतर मालमत्तेची किंमत वाढत राहील याच एका भरवशावर कर्ज काढणारे पुढे येतात. किंमतवाढ थांबताच ही सर्व रचना कोसळते. मिन्स्की यांच्या हयातीत या सिद्धांताकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. सूझन स्ट्रेंज (१९२३–९८) यांनी १९८६ मध्ये जागतिक वित्तव्यवस्थेला जुगारगृहाची उपमा दिली. या जुगारात न बसलेल्या लोकांनाही त्यातील हारजीत भोगावी लागते, हे त्यांच्या टीकेचे मर्म होते.

संस्थावादी प्रवाहात ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कॉलिन क्राउच यांनी ‘केन्सवादाचे खाजगीकरण’ ही संकल्पना मांडली. मंदीच्या काळात मागणी टिकविण्यासाठी पूर्वी शासन कर्ज काढीत असे; आता तोच भार सामान्य व मध्यम उत्पन्नाच्या व्यक्तींनी वैयक्तिक कर्ज काढून उचलला, असा तिचा आशय आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ व्होल्फगांग श्ट्रेक यांनी २०१३ मध्ये या घटनांचा क्रम लावून दाखविला : १९७० नंतर चलनवाढ, मग शासकीय कर्ज, त्यानंतर खाजगी कर्ज. लोकशाहीच्या अपेक्षा व भांडवलाच्या मागण्या यांतील संघर्ष मिटविण्याऐवजी या प्रत्येक उपायाने केवळ कालहरण केले, असे त्यांचे म्हणणे आहे. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ तॉमा पिकेती यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भांडवलावरील परताव्याचा दर आर्थिक वाढीच्या दरापेक्षा दीर्घकाळ अधिक राहिल्यास संपत्तीचे केंद्रीकरण वाढते, हे अनेक देशांच्या ऐतिहासिक आकडेवारीच्या आधारे मांडले. भांडवलशाहीचे समर्थक असलेले रघुराम राजन यांनीही २०१० मधील ग्रंथात अमेरिकेतील वाढत्या विषमतेला राज्यकर्त्यांनी स्वस्त गृहकर्जाचे उत्तर दिले, असा निष्कर्ष काढला. टीकाकार व समर्थक यांचे निदान येथे एकमेकांच्या निकट येते.

२००८ चे अरिष्ट व सामाजिक परिणाम : अमेरिकेतील घरांच्या किंमती २००६ मध्ये कळसास पोहोचून उतरू लागल्या. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. १५ सप्टेंबर २००८ रोजी १८५० मध्ये स्थापन झालेल्या लेहमन ब्रदर्स या संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि जगभरचा पतपुरवठा आखडला. ३ ऑक्टोबर रोजी अमेरिकेने बँकांच्या साहाय्यार्थ ७०,००० कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चास मान्यता देणारा कायदा केला. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील बेकारी १० टक्क्यांवर गेली. लक्षावधी कुटुंबांना गहाण पडलेली घरे सोडावी लागली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २००४ मध्ये सु. ६९ टक्के होते. २०१६ मध्ये ते सु. ६३ टक्के झाले.

हा आघात सर्वांवर सारखा झाला नाही. चढ्या व्याजाची, दुय्यम प्रतीची गृहकर्जे कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक वस्त्यांत अधिक प्रमाणात दिली गेली होती. प्यू संशोधन केंद्राच्या २०११ मधील अहवालानुसार २००५ ते २००९ या काळात गौरवर्णीय कुटुंबांची मध्यक संपत्ती १६ टक्क्यांनी घटली. कृष्णवर्णीयांची ५३ टक्क्यांनी, तर स्पॅनिशवंशीयांची ६६ टक्क्यांनी घटली. यूरोपमध्ये बँकांच्या साहाय्याचा व मंदीचा भार शासनांच्या तिजोरीवर पडला आणि त्यानंतर शासकीय खर्चात कपात झाली. ग्रीसमध्ये २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली. तरुणांपैकी निम्म्याहून अधिक जण बेकार होते. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटनजीकच्या उद्यानात निदर्शकांनी तळ ठोकला. त्याच वर्षी मानवशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर (१९६१–२०२०) यांचा कर्जाच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्ज फेडलेच पाहिजे, ही भावना नीतिनियम म्हणून रुजविण्यामागे सत्तेचे संबंध कसे दडलेले असतात, याची चर्चा त्यांनी केली.

अर्थशास्त्रज्ञ ॲन केस व अँगस डीटन यांनी २०१५ मध्ये एक वेगळा परिणाम निदर्शनास आणला. अमेरिकेतील मध्यमवयीन गौरवर्णीयांत, विशेषतः महाविद्यालयीन पदवी नसलेल्यांत, अंमली औषधे, मद्यजन्य यकृतविकार व आत्महत्या यांमुळे होणारे मृत्यू वाढत होते. ही वाढ २००८ पूर्वीच सुरू झाली होती. म्हणून केवळ त्या अरिष्टावर तिचे खापर फोडता येत नाही. चांगल्या नोकऱ्या, कामगार संघटना व त्यांवर उभे असलेले सामुदायिक जीवन यांचा दीर्घकालीन ऱ्हास या लेखकांना अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१४ नंतर लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेतील सरासरी आयुर्मान घटले. इतक्या संपन्न देशात शांततेच्या काळात असे घडणे असामान्य होते.

या परिणामांमागे एक समान सूत्र दिसते. वेतनाचा तंटा स्वभावतः सामुदायिक असतो : एकाच कारखान्यातील माणसांना एकच मालक दिसतो व संपाचे साधन त्यांच्या हाती असते. कर्जाचा करार मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. हप्ता थकला, तर ऋणको त्याला स्वतःचे अपयश मानतो व शेजाऱ्यापासून लपवितो. त्यातच कर्जाचे रोख्यांत रूपांतर झाल्यावर धनको कोण, हेही त्याला कळेनासे होते. २०१० मध्ये अमेरिकेत घरे जप्त करण्यासाठी सादर होणाऱ्या शपथपत्रांवर कर्मचारी ती न वाचताच हजारोंच्या संख्येने सह्या करीत असल्याचे उघडकीस आले.

भारतातील अनुभव : कर्ज व सामाजिक सत्ता यांचा संबंध महाराष्ट्राच्या इतिहासात पूर्वीपासून नोंदलेला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून जाळले. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जरोख्यामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला. रोख्यावरील अक्षर अंतिम मानले जाऊ नये, हे त्यामागील तत्त्व होते. १९५१ मधील ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सु. ३ टक्के आढळला. १९६९ मध्ये १४ व १९८० मध्ये ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागे संस्थात्मक पतपुरवठा खेड्यापर्यंत नेण्याचा उद्देश होता. १९९१ नंतर बँकव्यवसायात नफाक्षमतेवर भर आला आणि गरिबांच्या पतपुरवठ्यात नफ्यासाठी चालणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्यांचा प्रवेश झाला. आंध्र प्रदेशात एकाच कुटुंबाला अनेक कंपन्यांनी कर्जे दिली व वसुलीच्या जाचाबद्दल तक्रारी वाढल्या. परिणामी ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य शासनाला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये या कंपन्यांसाठी स्वतंत्र वर्ग व व्याजदरावर २४ टक्क्यांची मर्यादा यांची शिफारस केली. भारतातील परिस्थिती अमेरिकेहून भिन्न होती. येथे खुंटलेल्या वेतनाची जागा कर्जाने घेतली असे नसून अनियमित उत्पन्न असलेल्या कुटुंबांना औषधोपचार, शिक्षण व शेतीचा खर्च यांसाठी कर्जाचाच आधार होता. तथापि सार्वजनिक सेवेची उणीव वैयक्तिक कर्जाने भरून काढण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे आढळते.

प्रतिवाद व मूल्यमापन : वित्तप्रधान भांडवलशाहीच्या समर्थकांचे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. पतपुरवठा नसता, तर अल्प उत्पन्नाच्या असंख्य कुटुंबांना घर किंवा उच्च शिक्षण मिळाले नसते, असे ते म्हणतात. अमेरिकेतील अरिष्टाला नियंत्रणांचा अभाव जितका कारणीभूत होता, तितकेच शासनाचे गृहनिर्माण धोरण व स्वस्त पैसा हेही कारणीभूत होते, असे काहींचे मत आहे. शिवाय याच काळात चीन, भारत व अन्य आशियाई देशांतील कोट्यवधी लोकांचे उत्पन्न वाढले. ब्रँको मिलानोव्हिच यांनी २०१६ मध्ये दाखविल्याप्रमाणे १९८८ नंतरच्या दोन दशकांत जगातील मध्यम स्तराला व अतिश्रीमंतांना मोठा लाभ झाला. मात्र संपन्न देशांतील निम्न मध्यमवर्ग जवळजवळ होता तेथेच राहिला. समीक्षकांतही मतभेद आहेत. वित्ताचा विस्तार हे उत्पादनातील दुखण्याचे लक्षण मानणारे आणि तेच मूळ दुखणे मानणारे, असे त्यांत दोन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाच्या दृष्टीने बँकांवरील नियंत्रणे पुरेशी ठरत नाहीत, तर दुसरा पक्ष त्यांनाच प्राधान्य देतो.

२००८ नंतरच्या सुधारणांचा रोख मुख्यतः बँका सुरक्षित करण्याकडे होता. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये डॉड–फ्रँक कायदा संमत झाला व ग्राहकांच्या वित्तीय संरक्षणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय करारांनुसार बँकांना अधिक भांडवल राखणे भाग पडले. कुटुंबांना कर्ज का काढावे लागते, या प्रश्नाचा विचार त्या मानाने कमी झाला. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या कर्जाची एकूण रक्कम २०१२ च्या सुमारास एक लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेली, हे त्याचे बोलके उदाहरण होय. अरिष्टापूर्वी घरासाठी जे घडले, त्याच मार्गाने शिक्षणासारखी सार्वजनिक जबाबदारीही वैयक्तिक ऋणात परिवर्तित झाली. समीक्षेने कारखान्यातील श्रमाबरोबर घरातील हप्त्याकडेही लक्ष वेधले, हे तिचे महत्त्वाचे योगदान मानले जाते. कर्जबाजारीपणा हा व्यक्तीच्या उधळेपणाचा परिणाम मानण्याऐवजी वेतन, सार्वजनिक सेवा व कायदा यांतील बदलांच्या संदर्भात त्याचा शोध घ्यावयास हवा, ही दृष्टी तिने दिली. तिच्यातील सर्व निष्कर्ष मान्य नसणाऱ्यांनाही हा शोध टाळता येत नाही.